अर्धा परस

मी विहिरी खणतो, बाफी नदीच्या अलीकडे.
माझ्या दोराला गाठी आहेत. एक गाठ म्हणजे एक परस,
माणूस हात वर करून उभा राहिला
की होतो तेवढा.
हात वर करून उभं राहण्याचा
आमच्याकडे सगळ्यांनाच सराव आहे.

पाणी लागतं पाच परसांवर.
त्याच्या कितीतरी आधी, लाल माती सरली,
काळा चिखल सरला, की पातळसा थर गोट्यांचा.
आणि त्या थरात, नशीब फुटकं असेल तर,
तांदळाच्या कणीएवढा एखादा खडा
जो उन्हात धरला की ऊनच थांबून बघतं.

हा थर आमच्या गावात अर्ध्या परसावर आहे.
कमरेइतका.
एक फावडं, एक चाळण, दोन वाट्या भात:
एवढ्या भांडवलावर सैन्य उभं राहतं.

दक्षिणेतून एक बाई आली होती, केनालेमांग नावाची,
दगड चाटून बघणारी, दगडांचंच शिकलेली.
म्हणाली, आमच्याकडेही हेच खडे आहेत,
पण ज्वालामुखीच्या नरड्यात, अजून जागच्या जागी.
तिथे उतरायला पाळणे लागतात, वीज लागते,
आधी बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात.
बंदूक घेऊन गेलास तर काय करशील?
भोकात डोकावशील आणि परत येशील.
मग आमच्या नदीकडे हात करून म्हणाली,
हिने तुमचा डोंगर धुतला, लाखो वर्षं,
आणि खडे दारोदार टाकत गेली.
वाटणाऱ्याच्या हाताला काय कळतं,
मी म्हणालो.

ते आले तेव्हा राजधानीकडे गेले नाहीत.
शाळेकडे नाही, चौकीकडेही नाही.
आईच्या चुलीकडे आले.
तिचे तीन दगड उचलून बाजूला ठेवले,
नीट, एकावर एक, अगदी शहाण्यासारखे,
आणि जिथे राख होती तिथे पहिलं फावडं.
मग घरामागचं परस. मग आजोबांची कबर.
बंदुका धरलेली पोरं माझ्याच वयाची,
अर्ध्या परसाची.
पट्टा खांद्यावरून घसरायचा, ती सावरायची.

ऐया चाळण हलवायचा, कमरेपर्यंत पाण्यात,
दोन पावसाळे.
येईला भात शिजवायला नेलं.
अकरा वर्षांची. नदीपलीकडे धूर दिसायचा,
आई म्हणायची, तो तिच्याच चुलीचा.
नंतर धूर दिसेना.

मैलभरावर मांडूफे. अख्खं गाव खडकावर.
तिथे एक गोळी सुटली नाही.
त्यांची म्हातारी माणसं सांगतात, पूर्वजांनी राखलं,
दरवर्षी पांढरा कोंबडा देतात.
मी त्यांच्यासाठी विहीर खणली आहे.
दोन पहारी मोडल्या, सुरुंग आणावा लागला.
मला ठाऊक आहे त्यांना कुणी राखलं.
पण कोंबडा मीही खाल्ला, बोललो नाही.

नकाशावर लढाईची रेघ काढतात ना शहाणे लोक,
जमात, पक्ष, कोण कुणाचा भाऊ,
त्यांनी एकदा माझ्यामागून यावं.
मी पायाने दाखवीन कुठे कुठे मेले:
गोट्यांचा थर वळतो तिथे वळा,
थर बुडतो तिथे थांबा.
पुढे सगळी भुईमुगाची शेतं आहेत.

पाण्यासाठी अजून कुणी लढलं नाही इथे.
फार खोल आहे ते.
पाचव्या गाठीला दोर ओला होतो
आणि वरच्या बायका हसतात.

पण तिथवर जायचं तर आधी
कमरेइतकं जावंच लागतं.
फावडं गोट्यांवर वाजतं,
काठावरची कुजबुज बंद होते.
मी खाली बघत नाही तेव्हा.
वर बघतो,
कोण उभं आहे ते.